व्हिसावांचून फ्रान्सप्रवास

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं इयत्ता नववीच्या वर्गांत युरोपचा नकाशा शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें मला प्रश्न केला, "सर, मॉरिशसच्या माणसाला फ्रान्सला जावयास व्हिसा लागत नाहीं असें मीं वाचलें. मग आपण पुण्याहून कोल्हापुरास जातों तसा तो सरळ जाऊं शकतो काय ?" प्रश्न चांगला होता. परंतु तास संपल्याची घंटा झाल्यामुळें मी "नाहीं" एवढेंच उत्तर देऊं शकलों. त्या एका शब्दाचा विस्तार प्रस्तुत लेखांत करीत आहें. विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या पालकांनींही तो वाचावा अशी इच्छा आहे. कारण आपल्या शाळेंतील कित्येक कुटुंबांचे आप्त आज परदेशीं राहतात, आणि "व्हिसा लागत नाहीं" ह्या तीन शब्दांवर विसंबून निघालेल्या माणसाची काय अवस्था होते, हें मीं प्रत्यक्ष माझ्या आप्तांतच पाहिलें आहे.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ नीट ध्यानांत घेऊं. पासपोर्ट हा आपल्या सरकारनें दिलेला दाखला होय. "हा मनुष्य आमचा नागरिक आहे" असें तो सांगतो. व्हिसा हा परक्या सरकारनें, बहुधा आपण घरून निघण्यापूर्वींच, दिलेला परवाना होय; "ह्या मनुष्याची चौकशी आम्हीं केली आहे, त्याला आमच्या दारापर्यंत येऊं द्यावें" असें तो सांगतो. "दारापर्यंत" हा शब्द मीं मुद्दाम योजिला आहे. व्हिसा हातीं असला तरी आंत घ्यावयाचें कीं नाहीं हें ठरविण्याचा शेवटचा अधिकार सीमेवरील अंमलदाराचाच असतो. आतां ज्या देशाच्या नागरिकांना व्हिसाची माफी आहे, त्यांची पहिली चौकशी वगळली जाते; दुसरी वगळली जात नाहीं. उलट, जे प्रश्न वकिलातींत महिनाभर आधीं विचारले जातात आणि ज्यांचीं उत्तरें सावकाश कागद जमवून देतां येतात, तेच प्रश्न रात्रभरच्या प्रवासानें थकलेल्या उतारूस दोन मिनिटांत, उभ्याउभ्या, विचारले जाऊं शकतात. माफी परवान्याची आहे, अटींची नाहीं.

फ्रान्सचें दार हें आतां एकट्या फ्रान्सचें राहिलेलें नाहीं. १४ जून १९८५ रोजीं लक्झेंबर्ग देशांतील शेंगेन नांवाच्या लहानशा गांवाजवळ, मोझेल नदींतील एका जहाजावर, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग ह्या पांच राष्ट्रांनीं आपापसांतील सीमांवरची तपासणी क्रमाक्रमानें बंद करण्याचा करार केला. तो प्रत्यक्ष अमलांत यावयास २६ मार्च १९९५ हा दिवस उजाडावा लागला. पुढें एकेक देश सामील होत गेला, आणि १ जानेवारी २०२५ रोजीं बल्गेरिया व रुमानिया हे देश पूर्णपणें आंत आले तेव्हां ह्या क्षेत्रांतील राष्ट्रांची संख्या २९ होती. वाड्यांतील खोल्यांचीं कुलुपें काढलीं म्हणजे दिंडीदरवाज्यावरील देवडीवाल्याचें काम वाढतें, तसेंच येथें झालें. पॅरिसच्या विमानतळावर परक्या माणसाचा पासपोर्ट पाहणारा फ्रेंच अंमलदार लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंतच्या साऱ्या घरांची राखण करीत असतो. त्याच्या हातून सुटलेला मनुष्य पुढें कोठेंही जाऊं शकतो, हें त्याला पक्कें ठाऊक असतें. म्हणून त्याच्या प्रश्नांचा राग मानण्याचें कारण नाहीं.

कोणाला व्हिसा हवा व कोणाला नको, ह्याच्या दोन याद्या युरोपीय संघाच्या २०१८ च्या एका नियमांत दिल्या आहेत. भारताचें नांव पहिल्या यादींत, म्हणजे व्हिसा लागणाऱ्या देशांत आहे. मॉरिशसचें नांव दुसऱ्या यादींत आहे. त्या बेटाशीं २८ मे २००९ रोजीं तसा करारच झाला. एकोणिसाव्या शतकांत कोंकणांतून ऊंसाच्या मळ्यांवर मजुरीस गेलेल्या मराठी माणसांचे वंशज त्या बेटावर आहेत, हें आपणांस ठाऊक असेलच. एकाच पूर्वजाचे दोन वंशज, एक रत्नागिरीकडील व दुसरा मॉरिशसमधील, पॅरिसला एकाच वेळीं उतरले तर एकाच्या पासपोर्टांत व्हिसा असेल आणि दुसऱ्याच्या नसेल; परंतु दोघांना विचारावयाचे प्रश्न जवळजवळ तेच असतील. ब्रिटिश नागरिकही १ जानेवारी २०२१ पासून ह्याच दुसऱ्या मंडळींत जाऊन बसले आहेत. त्यापूर्वीं युरोपीय संघाच्या नियमांमुळें त्यांना फ्रान्सांत हक्कानें प्रवेश होता. त्या दिवसापासून तो माफीनें आहे. हक्क आणि माफी ह्यांतील अंतर किती, हें पुढील हकीकतीवरून कळेल.

माझी एक मावसबहीण पुष्कळ वर्षें लंडनजवळ राहते. तिचा पासपोर्ट ब्रिटिश आहे. तिची धाकटी बहीण लग्नानंतर पॅरिसला स्थायिक झाली. तिच्या पहिल्या बाळाचा बाप्तिस्मा २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस, इंग्लंडांतील शाळांना सुटी असतां, ठरला होता आणि बाळाची धर्ममाता म्हणून थोरलीचें नांव होतें. नवरा, दोन मुलें आणि स्वतः शिवलेलें पांढरें झबलें घेऊन ती विमानतळावर गेली. खिडकीवरील बाईनें तिचा पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला, वरिष्ठास विचारलें, आणि "तुम्हांला जातां येणार नाहीं" असें सांगितलें. नवऱ्याचा व मुलांचा पासपोर्ट नवा होता. ते गेले, ती परत घरीं आली. झबलें तिच्याच पिशवींत राहिलें. त्या संध्याकाळीं तिचा मला फोन आला. "दादा, मुदत संपावयास अजून सात महिने आहेत. तारीख मीं तीनदां पाहिली होती."

तिनें पाहिली ती शेवटची तारीख. पाहावयास हवी होती ती पहिलीही. पासपोर्टाबद्दलची अट दुहेरी आहे. ज्या दिवशीं परत निघावयाचें त्या दिवसानंतर आणखी निदान तीन महिने तो चालू असला पाहिजे, ही एक. ती बहुतेकांना ठाऊक असते. दुसरी अशी कीं, तो काढल्याला दहा वर्षें उलटून गेलेलीं नसावींत. ही दुसरी अट सामान्यतः कोणाला बाधत नाहीं, कारण दहा वर्षांहून अधिक मुदतीचा पासपोर्ट बहुतेक देश देतच नाहींत. परंतु ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०१८ पर्यंत अशी वहिवाट होती कीं, जुना पासपोर्ट संपण्याआधींच नवा काढल्यास उरलेले महिने, जास्तींत जास्त नऊ, नव्याच्या मुदतींत मिळवून देत. माझ्या बहिणीचा पासपोर्ट २० ऑगस्ट २०१३ रोजीं काढलेला, आणि त्या सवलतीमुळें त्यावर २० मे २०२४ ही शेवटची तारीख छापलेली. तिच्या स्वतःच्या सरकारच्या दृष्टीनें तो धडधाकट होता. फ्रान्सच्या दृष्टीनें तो दोन महिन्यांपूर्वींच कालबाह्य झाला होता. जी सवलत एके काळीं तिच्या फायद्याची म्हणून दिली गेली, तीच अशी आडवी आली.

येथें एक शंका येणें स्वाभाविक आहे. अडविलें तें फ्रान्सनें नव्हे, इंग्लंडांतील विमान कंपनीच्या नोकरानें. त्याला हा अधिकार कोणीं दिला? ह्याचें उत्तर पैशांत आहे. अटींत न बसणारा उतारू नेऊन सोडल्यास त्याला परत आणण्याची जबाबदारी त्या कंपनीवर येते, आणि पुरेसे कागद नसलेल्या माणसाबद्दल दंडही बसूं शकतो. म्हणून कायद्यानें सीमा फ्रान्सच्या भूमीवर असली तरी व्यवहारांत ती आपल्या गांवच्या विमानतळावर, सामान तोलण्याच्या काट्यापाशींच सुरू होते.

पासपोर्ट ठीक असला म्हणजे पुढील प्रश्न : कशासाठीं आलांत, कोठें राहणार, किती दिवस, आणि खर्चाची तरतूद काय ? परत जाण्याचें तिकीट दाखवावें लागूं शकतें. पैशाच्या बाबतींत फ्रान्सनें आंकडेच ठरवून दिले आहेत. २०२५ सालीं ते असे होते : हॉटेलचें आरक्षण असल्यास माणशीं दररोज ६५ युरो, आरक्षण नसल्यास १२० युरो, आणि आप्तांच्या घरीं रीतसर दाखल्यानिशीं उतरल्यास ३२.५० युरो. ह्या "रीतसर दाखल्या"कडे आपल्या लोकांचें हटकून दुर्लक्ष होतें. सख्ख्या भावाच्या घरीं जावयाचें तर कागद कसला, असें आपणांस वाटतें. फ्रान्सांत मात्र यजमानानें आपल्या गांवच्या नगरपालिकेंत स्वतः जाऊन, घराचा व उत्पन्नाचा पुरावा दाखवून आणि ३० युरोचें शुल्क भरून हा दाखला काढावा लागतो, व त्याची मूळ प्रत पाहुण्याकडे टपालानें आधीं पाठवावी लागते. शिवाय आजारपणाच्या खर्चासाठीं निदान ३०,००० युरोचा विमा असावा लागतो.

मॉरिशसमधील एका शिक्षकबंधूंशीं माझा बरेच वर्षांचा पत्रव्यवहार आहे. ते भाच्याकडे म्हणून फ्रान्सला निघाले. तिकीट परतीचें होतें, पैसे होते, विमा होता, दाखला नव्हता. इतकेंच काय, भाच्याचा पत्ताही त्यांच्याजवळ नव्हता, केवळ दूरध्वनीचा क्रमांक होता ! दीड तास बाकावर बसविल्यानंतर त्यांनीं तेथल्या तेथें मोबाइलवर दहा रात्रींसाठीं हॉटेलचें आरक्षण केलें, तें अंमलदारास दाखविलें आणि सुटले. पुढें दहा दिवस ते हॉटेलांत झोपत व भाच्याकडे जेवावयास जात. "आयुष्यांतील सर्वांत महाग भाकरी" असें त्यांनीं मला लिहिलें.

ही माफी सहलीस, आप्तांस भेटावयास, सभासंमेलनास किंवा अशाच अल्प मुक्कामास आहे. मॉरिशसच्या करारांत पगारी काम स्पष्ट शब्दांत वगळलें आहे; तेव्हां "आधीं जाऊं, मग नोकरी पाहूं" असा सल्ला देणारे दलाल भेटले तर त्यांना दुरूनच नमस्कार करावा.

आतां मुक्कामाच्या मुदतीकडे वळूं. नियम असा : कोणत्याही १८० दिवसांच्या काळांत ९० दिवस. हें वाक्य सोपें दिसतें आणि त्यामुळेंच फसवितें. गणिताच्या शिक्षकांची क्षमा मागून मी त्याची थोडी फोड करतों.

पहिली चूक ९० दिवसांना "तीन महिने" म्हणण्याची. समजा, एक आजी नातवंडांना भेटावयास १ जूनला उतरली आणि ३१ ऑगस्टला परत निघाली. तिच्या हिशेबानें बरोबर तीन महिने झाले. परंतु जूनचे ३०, जुलैचे ३१ व ऑगस्टचे ३१ मिळून ९२ दिवस होतात. उतरण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजतात. आजी दोन दिवस बेकायदेशीर राहिली, आणि तिला त्याचा पत्ताही नाहीं.

दुसरी चूक अशी समजण्याची कीं, मध्येंच शेजारच्या देशांत जाऊन आलें म्हणजे मोजणी नव्यानें सुरू होते. फ्रान्सांतून स्पेनला किंवा इटलीला गेलें तरी दिवस त्याच खात्यांत जमा होतात. वाडा एकच आहे. उलट रियुनियन हें मॉरिशसशेजारचें बेट फ्रान्सचेंच असूनही शेंगेन क्षेत्रांत येत नाहीं, म्हणून तेथील दिवस ह्या खात्यांत पडत नाहींत. नकाशा पाहून कायदा कळत नाहीं, ह्याचें हें नामी उदाहरण आहे.

तिसरी चूक १८० दिवसांच्या मोजणीची. हे १८० दिवस जानेवारीपासून किंवा पहिल्या प्रवेशापासून पुढें मोजावयाचे नसतात. आपण फ्रान्सांत ज्या दिवशीं उभे असूं त्या दिवसापासून मागें मोजावयाचे असतात, आणि प्रत्येक दिवशीं ती मोजणी एकेक दिवस पुढें सरकते. एक मनुष्य १ मार्चला आला व २९ मेला गेला. मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे २९, असे त्याचे पुरे ९० दिवस झाले. तो पुन्हां कधीं येऊं शकेल ? २७ ऑगस्टला मागें १८० दिवस मोजले तर मोजणी १ मार्चपर्यंत पोंचते. सारे ९० दिवस अजून आंतच आहेत, म्हणून त्या दिवशीं दार बंद. २८ ऑगस्टला मोजणी २ मार्चपाशीं थांबते. १ मार्च गळतो आणि एका दिवसाची जागा होते. दुसऱ्या दिवशीं २ मार्च गळतो, आणखी एक जागा होते. तेव्हां २८ ऑगस्टला तो निर्वेधपणें येऊं शकतो. विद्यार्थ्यांनीं घरीं दिनदर्शिका घेऊन हें करून पाहावें. पालकांनीं परतीचें तिकीट काढण्यापूर्वीं पाहावें.

पूर्वीं ही मोजणी पासपोर्टावरील शिक्क्यांवरून होत असे. शिक्का पुसट उमटला किंवा घाईंत राहून गेला तर वाद होई, आणि एखाद्याचे चारदोन दिवस नजरेआडही होत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून त्या जागीं यंत्रांत नोंद करण्याची पद्धत क्रमाक्रमानें सुरू झाली. व्हिसामाफी असलेल्या परकीयाच्या चेहऱ्याचें छायाचित्र व चार बोटांचे ठसे प्रथम घेतात. त्याबद्दल पैसे पडत नाहींत. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहींत, छायाचित्र मात्र घेतात. येण्याजाण्याची नोंद सामान्यतः तीन वर्षें राहते; मुदत उलटूनही बाहेर पडल्याची नोंद नसेल तर पांच वर्षें. वर सांगितलेल्या आजीचे दोन दिवस आतां कोणा दयाळू अंमलदाराच्या नजरेआड होणार नाहींत. यंत्राला आजी कळत नाहीं.

ह्याखेरीज, व्हिसामाफी असलेल्यांनींही निघण्यापूर्वीं घरबसल्या अर्ज भरून प्रवासाची अनुमति घ्यावी, अशी योजना युरोपीय संघानें २०१८ सालींच संमत केली. ती वारंवार पुढें ढकलली गेली. २०२५ सालीं जाहीर झालेल्या बेताप्रमाणें ती २०२६ च्या अखेरच्या तिमाहींत सुरू व्हावयाची असून शुल्क २० युरो ठरलें. अठरा वर्षांखालील व सत्तरीवरील माणसांस तें माफ. माफी मिळालेल्यानेंही परवानगी मागावयाची, ह्यांत थोडा विनोद आहे खरा. परंतु माझ्या बहिणीसारख्यांस आपली अडचण विमानतळाऐवजीं घरींच कळणार असेल, तर वीस युरो फार नव्हेत असें मला वाटतें.

इतकें करूनही एखाद्यास आंत घेतलें नाहीं तर ? नुसतें हात हलवून "जा" म्हणण्याचा अधिकार अंमलदारास नाहीं. ठराविक नमुन्याचा कागद असतो. पासपोर्ट योग्य नाहीं, मुक्कामाचें कारण पटलें नाहीं, पुरेसे पैसे नाहींत, ९० दिवस संपले आहेत, अशा कारणांपैकीं जें असेल त्यावर खूण करून तो कागद प्रवाशाच्या हातीं द्यावा लागतो. त्यावर अपील करतां येतें, व तें कोठें करावें ह्याची माहितीही द्यावी लागते. परंतु अपील केलें म्हणून तोंपर्यंत आंत राहतां येत नाहीं. परत पाठविण्याचें थांबत नाहीं. तो कागद त्राग्यानें फाडून न टाकतां जपून ठेवावा, कारण पुढें जें कांहीं सिद्ध करावयाचें तें त्याच्याच आधारें.

माफी दिली जाते तशी काढूनही घेतली जाते, ह्याचा अनुभव आपणां भारतीयांस एका दुसऱ्या युरोपीय देशांत आला आहे. सर्बियानें २०१७ च्या सप्टेंबरांत साध्या भारतीय पासपोर्टावर ३० दिवस व्हिसावांचून राहण्याची मुभा दिली होती. त्या देशास युरोपीय संघांत प्रवेश हवा आहे. सर्बियांत विनाव्हिसा उतरून तेथून चोरवाटांनीं पुढें युरोपीय संघांत शिरणाऱ्यांची तक्रार वाढली, तेव्हां संघानें सर्बियास आपले व्हिसाचे नियम संघाच्या नियमांशीं जुळविण्यास सांगितलें, आणि १ जानेवारी २०२३ पासून भारतीयांची ती मुभा बंद झाली. शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिका ह्यांचा चालू व्हिसा असणाऱ्यांस तेवढी सूट ठेवण्यांत आली. २०२२ सालच्या माहितीवर विसंबून कोणी जानेवारींत निघाला असेल, तर त्याची गत काय झाली असेल हें वाचकांनींच कल्पावें. छापील माहिती कितीही चांगली असली तरी, आणि त्यांत हा लेखही आला, निघण्यापूर्वीं त्या देशाच्या वकिलातीकडे चौकशी करणें चुकवूं नये.

माझ्या बहिणीनें पुढल्याच आठवड्यांत नव्या पासपोर्टासाठीं अर्ज केला. २०२४ च्या ईस्टरला ती पॅरिसला गेली. सीमेवरील अंमलदारानें तिला "कोणाकडे ?" एवढेंच विचारलें, तिनें दाखला पुढें केला, आणि ती आंत गेली. बाळ तोंपर्यंत रांगूं लागलें होतें. झबलें त्याच्या गळ्यांतून उतरेना.